मुलीचं रशियन टिकवायचं कसं? (जर्मनीतल्यांनी जरा सांगा)

राईनकाठचा_पुणेकर
नमस्कार मंडळी. आम्ही ड्युसेलडॉर्फला असतो. बायको रशियन, समाराची. मी पुण्याचा. लेक ७ वर्षांची, नुकतीच पहिली संपली. बालवाडीत असेपर्यंत आईशी अखंड रशियन आणि माझ्याशी मोडकंतोडकं मराठी चालायचं. शाळा सुरू झाली आणि सहा महिन्यांत सगळं जर्मन. आई रशियनमध्ये विचारते, ही जर्मनमध्ये उत्तर देते. कळतं सगळं, तोंडातून निघत नाही.

वाचायला बसवलं तर वेगळीच गंमत. तोंडाला रशियनमध्ये 'रोत' म्हणतात. त्यातली तिन्ही अक्षरं दिसायला रोमन P, O, T सारखी, म्हणून हिने वाचलं 'पोट'! मी हसलो. बायको हसली नाही.

आजीकडे जाणंही आता सोपं नाही. २०२२ पासून इथून थेट विमानं बंद आहेत, इस्तंबूलवरून जायचं तर खिसा रिकामा. फोनवर आजी विचारते, शाळेत काय केलंस? ही म्हणते 'नर्मालना', म्हणजे 'ठीक'. संपला फोन. शनिवारची रशियन शाळा लावली होती. तिथली मुलं धडाधड वाचणारी, ही रडत घरी आली. सोडली.

जर्मनमध्ये बोललीस तर उत्तर मिळणार नाही, असा नियम घरात करावा का? बायकोचं तसं मत आहे, मला धीर होत नाही.

सहा_विभक्त्या
नका करू. आम्ही करून बसलोय. (मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले, आता कोलोनला. नवरा कझाकस्तानातून आलेल्या जर्मन कुटुंबातला, सासरी सगळे रशियनच बोलतात.) थोरल्याने त्या नियमावर उपाय काढला: आमच्याशी बोलणंच कमी केलं. तुमची लेक जर्मनमध्ये बोलली तरी आईने शांतपणे रशियनमध्येच पुढे बोलत राहायचं, एवढं पुरे.

चुकाही धरू नका. 'क्निगू (पुस्तक) दे' म्हणायच्या जागी 'क्निगा दे' म्हणेल. पुण्यातली इंग्रजी माध्यमातली पोरं 'घोडाला', 'मुलगाला' म्हणतात ना, तसंच हे. आईने फक्त 'हो, क्निगू देते' म्हणायचं आणि पुस्तक हातात ठेवायचं.

वाचनाचं म्हणाल तर ३३ अक्षरांत खरा घोळ घालणारी मोठी अक्षरं सहाच: व, न, र, स, उ, ख. ती रोमनसारखी दिसतात आणि वेगळी वाचायची असतात. ती शेवटी घ्या. आधी झ, श, फ यांसारखी, रोमनमध्ये जोडीदार नसलेली. आणि सुटी अक्षरं न घोकवता मा-मो-मू अशा जोड्या. झाइत्सेवचे ठोकळे म्हणून मिळतात, आपली बाराखडीच ठोकळ्यांवर छापलेली समजा. छापील जमलं की हस्ताक्षर वेगळं शिकवावं लागतं हं. हाताने लिहिलेला 'त' रोमन एमसारखा दिसतो. आजीचं पत्र आलं की पोरं तिथेच अडकतात.

अजून एक, आपल्या इथे, नॉर्थ राईन-वेस्टफालिया राज्यात, सरकारी शाळेतल्या मुलांना घरच्या भाषेचे फुकट वर्ग असतात, त्यात रशियनही आहे. शाळेच्या ऑफिसात फॉर्म मागा. आसपासच्या शाळांची मुलं एकत्र बसतात, वर्ग दुपारी असतो. शनिवारचा दिवसही मोकळा राहतो.

खारी_डाळ
आजीला प्रश्न विचारू देऊ नका, काम द्या! आमच्याकडे 'रशियन लोतो' चालतो. आपली हाऊजीच, ९० आकडे, फक्त चिठ्ठ्यांऐवजी आकडे लिहिलेली छोटी लाकडी पिंपं. पिंपांची पिशवी आजीकडे, आकड्यांचे पत्ते आमच्याकडे, मध्ये फोन. आजी पिंप काढते आणि ओरडते. नुसता आकडा नाही हं. ११ म्हणजे ढोलाच्या काठ्या, ७७ म्हणजे कुऱ्हाडी, ९० म्हणजे 'देद', आजोबा. जिंकायचं असेल तर ऐकावंच लागतं, आणि आजीला जर्मन येत नाही हे तर सोन्याहून पिवळं. समारा हिवाळ्यात तुमच्या ३ तास पुढे, उन्हाळ्यात २. दुपारी चारलाच लावा, नंतर आजी तिच्या मालिकेपुढून उठणार नाही.

गप्प_बसा_गृहस्थ
कार्टूनबद्दल कुणी बोललं नाही. लांडगा-सशाचं 'नु, पगदी!' भाषेसाठी निरुपयोगी, दोघं फारसं बोलतच नाहीत. 'माशा आणि अस्वल'मध्ये अस्वल मुका, पण माशा थांबत नाही. ते लावा.
आणि मराठीचं काय, मालक? पोरीला ते नको का?

राईनकाठचा_पुणेकर
@गृहस्थ, वर्मावर बोट! सोव्हिएत काळात मराठीत आलेली मुलांची पुस्तकं पुण्याच्या घरी माळ्यावर आहेत. आईला पाठवायला सांगितलंय. तीच गोष्ट मूळ रशियनमधून बायको वाचेल, मराठीतून मी.

बायकोने धागा माझ्याकडून वाचून घेतला. नियम रद्द. शाळेत फॉर्म मागितला, तिथल्या बाई म्हणाल्या सुट्टीनंतर या.

राईनकाठचा_पुणेकर (तीन आठवड्यांनी)
लोतो मिळाला, आमच्या जवळच्या मिक्स मार्क्ट या रशियन किराणा दुकानातच, खारवलेल्या काकड्यांच्या शेजारच्या फळीवर. पिशवी सध्या लेकीकडेच. आजीला पत्ते पाठवायची सोय झाली नाही, म्हणून ती कागदावर चौकटी आखून आकडे लिहिते. काल पोरीने ९० काढला आणि 'देद!' म्हणून एवढ्यांदा ओरडली की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी बेल वाजवली. त्यांची माफी मात्र जर्मनमध्ये मागितली.

खारी_डाळ
हाहा! आता त्यांनाही एक पत्ता द्या.