चौथ्या केसला पीसीआर झाला, आता हात कसा बसवायचा?

प्रश्न (जेआर-२ म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, नेत्ररोग)
मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात आहे. महिन्यापूर्वी माझी चौथी एसआयसीएस (छोट्या छेदातून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया) होती. टनेल (स्क्लेरा म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत जाणारा बोगदा) मी केलं, रेक्सिस (लेन्सच्या पिशवीला, म्हणजे कॅप्सूलला, पुढून गोल भोक) सरांनी करून दिलं, न्यूक्लियस (मोतीबिंदूचा कडक गाभा) मीच काढला. सिमको कॅन्युलाने (धुणारी आणि ओढणारी दुहेरी नळी) कॉर्टेक्स (गाभ्याभोवतीचा मऊ थर) ओढताना बारा वाजताच्या बाजूला मागचं कॅप्सूल नळीच्या तोंडात आलं आणि फाटलं, म्हणजेच पीसीआर. सरांनी खुर्ची घेतली, व्हिट्रेक्टमी केली (पुढे आलेलं व्हिट्रियस, म्हणजे डोळ्यातली जेली, कापून काढली), कृत्रिम लेन्स सल्कसमध्ये (बुबुळामागे, कॅप्सूलच्या पुढे) बसवली. आजींना आता चष्म्याने ६/१२ दिसतंय. सर एक शब्द बोलले नाहीत, पण त्यानंतर मी केस मागितलेली नाही. मायक्रोस्कोपखाली बसले की हात थरथरतो. तुम्ही सगळे यातून कसे बाहेर आलात?

उत्तर १ (फेलो, फेको)
आधी कोरड्यात हात बसव. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या शिकाऊ डॉक्टरांवर एसआयसीएसची एक चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली. ज्यांना आधी कृत्रिम डोळ्यांवर कसून सराव दिला, त्यांच्या पहिल्या वर्षातल्या केसेसमध्ये पीसीआर ८ टक्क्यांच्या आसपास. ज्यांना नाही दिला, त्यांच्यात २७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हा दोष तुझ्या एकटीच्या हाताचा नाही.

उत्तर २ (धुळे जिल्हा, प्रॅक्टिस ३१ वर्षं)
केस मागू नकोस, पायरी माग. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आपल्याकडे शिकाऊ मुलांना पुढून शिकवतात. टनेल करायला देतात, मग जिथे अडेल तिथे सर खुर्ची घेतात. त्यामुळे शेवटच्या पायऱ्या हाताखालून जातच नाहीत, आणि ज्या दिवशी जातात त्या दिवशी मुलगा चाळीस मिनिटं घामाघूम होऊन तिथे पोचलेला असतो. तुझं नेमकं हेच झालंय. उलटं शिक. सरांना सांग, पुढच्या दहा केसेसमध्ये मला फक्त लेन्स घालू द्या आणि व्हिस्को (डोळ्यात भरलेलं जेल) धुऊ द्या. त्यानंतरच्या दहा फक्त कॉर्टेक्स. मग हायड्रो (पाण्याच्या धारेने गाभा सुटा करणं) आणि न्यूक्लियस, रेक्सिस सगळ्यात शेवटी. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी असंच शिकवतो.

बारा वाजताचं कॉर्टेक्स सगळ्यांनाच छळतं, कारण कॅन्युला त्याच्या डोक्यावर असते. मुख्य टनेलमधून त्याच्यामागे लागू नकोस, साइड पोर्टने (बाजूच्या छोट्या छेदातून) जा. तरी हट्टाने बसलं, तर आधी लेन्स बॅगेत (कॅप्सूलच्या पिशवीत) घाल आणि हळूच फिरव. कॉर्टेक्स सुटतं आणि लेन्सची काच मागच्या कॅप्सूलला आडोसा देते. ते कॅप्सूल मध्यावर तीन-चार मायक्रॉनचं असतं. कॅन्युलाचं भोक कायम वर, तुला दिसेल असं. कॅप्सूलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या की ओढणं थांबव आणि सिरिंज उलटी दाब.

टनेलसाठी बकऱ्याचे डोळे. खाटकाकडून सकाळी लवकर, थर्मासमध्ये बर्फावर. दुपारपर्यंत कॉर्निया धूसर होतो. थर्मोकोलला खड्डा करून टाचण्यांनी बसव. डोळा मऊ पडतो, म्हणून मागून नर्व्हच्या बाजूने सलाइन भर. क्रेसेंट (टनेल करायचं अर्धगोल पातं) आत गेल्यावर पातं स्क्लेराखाली अंधुक दिसायला हवं. लख्ख दिसलं तर तू वर आहेस, भोक पडणार. दिसेनासं झालं तर खोल आहेस, वेळेआधीच आत शिरशील.

१९९४ साली मी दहा-शून्य नायलॉनचे टाके घालून एक्स्ट्राकॅप्सुलर (मोठ्या छेदाची जुनी मोतीबिंदू शस्त्रक्रिया) शिकत होतो, तेव्हा एका शेतकरी काकांच्या डोळ्यातून व्हिट्रियस आलं. माझ्या गुरूंनी मला त्यांच्या खाटेपाशी नेलं आणि काय झालं ते मलाच सांगायला लावलं. तुझ्या आजींना कुणी सांगितलंय का? नसेल तर सरांना घेऊन तू सांग. फॉलोअपला त्यांना तूच तपास, पडदा बघ, मॅक्युलाला (पडद्याच्या मध्यभागाला) सूज नाही ना ते बघ.

उत्तर ३ (ओटी सिस्टर)
डॉक्टर, मी बावीस वर्षं ट्रॉलीवर आहे. थरथर पुष्कळदा खुर्चीची असते. स्क्रब व्हायच्या आधी खुर्ची, पेडल आणि मायक्रोस्कोप आपल्या उंचीला लावून घ्या, मनगट पेशंटच्या कपाळाला टेकवा. आधीच्या सरांच्या उंचीवर बसून काम करणारे खूप बघितलेत. आणखी एक, पेशंट ब्लॉकखाली जागा असतो. ‘फाटलं’ हा शब्द त्याला ऐकू येतो. आमच्याकडे सर फक्त ‘सिस्टर, व्हिट्रेक्टर’ म्हणतात, तेही नेहमीच्याच आवाजात.

प्रश्नकर्ती
आजींना डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलं होतं, तोंडी कुणीच सांगितलं नव्हतं. आज सरांसोबत बसून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘दुसरा डोळा कधी करणार?’ तो सर करतील. लेन्स घालायला मी मागितलंय, हो म्हणाले. थर्मास आणलाय, बकऱ्याचे सहा डोळे उद्या सकाळी मिळतील.