फटाके वाजतात तेव्हा तुमच्या घरातला प्राणी काय करतो?

फटाक्यांचे दिवस तोंडावर आले की प्राणी पाळणाऱ्या घरांत तीच काळजी सुरू होते. म्हणून या वेळी आधीच विचारते आहे. तुमच्याकडचं कुत्रं, मांजर, ससा, पाखरू, जे कोणी असेल ते, त्या आवाजात नेमकं काय करतं? तुम्ही काय करून पाहिलंत? कशाचा उपयोग झाला आणि कशाचा अजिबात झाला नाही? ऐकीव उपाय नकोत, घरात घडलेलं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आमची जिनी मिश्र जातीची, मध्यम चणीची कुत्री. लांबवर कुठे बार झाला की आम्हाला कळायच्या आत तिचे कान मागे जातात. मग ओठ चाटणं आणि जांभया सुरू. या जांभया झोपेच्या नसतात, बेचैनीच्या असतात. एवढ्यावर असतानाच तिच्याकडे लक्ष दिलं तर रात्र बरी जाते. एकदा का शेपूट पोटात गेली, धाप लागली आणि लाळ गळायला लागली, की आवडता खाऊ नाकापुढे धरला तरी ती वाससुद्धा घेत नाही.

तिची जागा म्हणजे बाथरूम. बाहेरच्या बाजूला खिडकी नाही आणि एग्झॉस्टचा पंखा चालू ठेवला की त्याच्या घरघरीत बरेचसे आवाज बुडतात. हॉलच्या कोपऱ्यात तिच्यासाठी छान गादी घातली होती, तिकडे ती फिरकलीच नाही. म्हणून आता गादी बाथरूममध्ये असते आणि दार उघडं असतं. तिला बाहेर यावंसं वाटलं तर येता आलं पाहिजे. उजेड असतानाच लांब फेरी मारून, जेवण देऊन घेतो. पडदे ओढतो आणि घरातले दिवे लावून ठेवतो, कारण आकाशात चमकलं की पाठोपाठ आवाज येतो हे तिला पक्कं ठाऊक आहे.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४०,००० च्या पुढचे आणि मांजराला ६०,००० च्याही पुढचे. त्यात आवाज कुठून आला, पुढचा कधी येणार, हे सगळं थांबणार आहे की नाही, यातलं काहीच त्यांना समजत नाही. "होईल सवय" हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. जिनीला वर्षागणिक सवय झाली नाही, आम्ही तयारी करायला लागेपर्यंत तिची भीती वाढतच गेली.

*

आमच्याकडे मांजर आहे, त्यामुळे चित्र वेगळं. मनी ना ओरडते, ना थरथरते. ती नाहीशी होते. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, रजयांच्या मागे. टॉर्च मारला तर बुबुळं इतकी मोठी झालेली असतात की डोळ्यांचा रंगच दिसत नाही, आणि कान दोन्ही बाजूंना चपटे. पाहुणे म्हणतात, "अरे, बिचारीला बाहेर काढा, मांडीवर घ्या." मी काढू देत नाही. मांजराला लपायला मिळालं की अर्धी लढाई त्याने जिंकलेली असते. ओढून काढलं तर ते ओरबाडेल, आणि त्याहून वाईट म्हणजे ती जागा सुरक्षित नाही हे त्याच्या मनात बसेल.

त्या कपाटाचं दार मी आधीच थोडं उघडं ठेवते. पाणी आणि लिटरचा ट्रे त्याच खोलीत आणते, नाहीतर मनी रात्रभर लघवी अडवून धरते. खिडक्या दुपारपासून बंद. बाहेर फिरणारं मांजर असेल तर उजेड असताना घरात घ्या, अंधार पडल्यावर हाका मारून उपयोग नसतो. सगळं शांत झाल्यावर ती स्वतःहून येते आणि एकच पंजा कितीतरी वेळ चाटत बसते. तेव्हाही मी हात लावत नाही, फक्त जवळ बसते.

*

आमचा कुत्रा टिपू, त्याला काहीच होत नाही. बाहेर धडाधड चालू असतं आणि हा पंख्याखाली पाय वर करून झोपतो. यात आमचं श्रेय शून्य. तो जिथे जन्मला त्या घराशेजारी सुतारकाम चालायचं, त्यामुळे डोळे उघडल्यापासून ठोकाठोक आणि करवतीचे आवाज त्याने ऐकले. पिल्लू साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं असताना जे शांतपणे अनुभवतं ते त्याला पुढे धोक्याचं वाटत नाही, असं आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. शांतपणे हा शब्द महत्त्वाचा. पिल्लाला मुद्दाम फटाक्यांपाशी नेऊन धीट करायला जाऊ नका.

*

"घाबरला की लक्ष देऊ नका, लाड केले तर भीती वाढते." हे मला एका ट्रेनरने ठामपणे सांगितलं होतं आणि आजही ते खूप जण सांगतात. मला त्याविरुद्ध जीव तोडून सांगायचं आहे. बसायला सांगितल्यावर खाऊ दिला तर कुत्रा पुन्हा बसेल, कारण बसणं त्याच्या हातात आहे. घाबरणं त्याच्या हातात नाही. तो टेकायला आला आणि आपण पाठ फिरवली, तर भीती तेवढीच राहते, वर तो एकटा पडतो.

स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात श्टेफानी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना फटाक्यांच्या भीतीवर काय उपयोगी पडलं हे विचारलं होतं. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांनी फरक पडल्याचं सांगितलं. अंगाला घट्ट बसणारे जे जाकीट मिळतात त्यांच्या बाबतीत हे प्रमाण ४४ टक्के होतं, आणि वासाच्या, फुलांच्या अर्काच्या, वनस्पतींच्या उपायांचं त्याहूनही कमी. ही मालकांनी सांगितलेली माहिती आहे, प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, पण माझा अनुभव अगदी हाच आहे. आमच्याकडे धडाम झालं की लगेच खाऊचा तुकडा. आधी आवाज, मग खाऊ. क्रम उलटा झाला तर खाऊच धोक्याची सूचना होऊन बसतो. आता लहानसहान बार झाला तर आमचा कुत्रा रॉकी माझ्या खिशाकडे बघतो. मोठ्या माळेला अजून टरकतो, तेव्हा माझ्या पायाशी पाठ लावून बसतो आणि मी हात त्याच्या छातीवर ठेवते. हात काढला आणि तो पंजाने मागायला लागला तर परत ठेवायचा, उठून गेला तर जाऊ द्यायचं.

*

एक वेगळी गोष्ट सांगतो, कारण डॉक्टर नसते तर ती आम्हाला फार उशिरा कळली असती. आमचा कुत्रा शेरू आयुष्यभर फटाक्यांना घाबरला नाही. म्हातारपणाकडे झुकल्यावर एका वर्षी अचानक घाबरायला लागला. नुसत्या फटाक्यांना नाही, कुकरची शिट्टी झाली, भांडं पडलं तरी उडायचा. ज्या खोलीत आवाज झाला त्या खोलीत पाऊल टाकायचा नाही. सगळे म्हणाले, वय झालं, चालायचंच. डॉक्टरांनी मात्र त्याला चालवून पाहिलं, मागचे पाय दाबून पाहिले, एक्स-रे काढला. खुब्याचा सांधा झिजला होता. दचकलं की सगळं अंग एकदम ताठ होतं आणि तेव्हाच दुखतं. मग आवाज आणि कळ यांची गाठ पडते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास केला, त्यातही हाडास्नायूंचं दुखणं असलेल्यांमध्ये भीती जास्त वय झाल्यावर सुरू झालेली दिसली.

दुखण्याचं औषध सुरू झाल्यावर शेरूचं दचकणं पुष्कळ कमी झालं. त्याला जिने चढायला लावणं बंद केलं, फरशीवर घसरू नये म्हणून चटया टाकल्या. फटाक्यांच्या रात्री तो अजून अस्वस्थ होतो, पण कुकरच्या शिट्टीला आता मान वळवतो आणि परत झोपतो. तुमचं जनावर मोठ्या वयात नव्याने घाबरायला लागलं असेल तर आधी दवाखाना गाठा, बाकीचे उपाय नंतर.

*

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, तेव्हा गोळ्यांबद्दल लिहिते. फटाके सुरू झाल्यावर रात्री लोक फोन करतात, "झोपेची गोळी कोणती देऊ?" मनाने कोणतीही देऊ नका, माणसाची तर नाहीच. त्यातही एक जुनं औषध आहे, एसप्रोमाझिन. त्याने प्राणी निपचित पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं, चला, शांत झाला. पण भीती उतरत नाही. अंग हलत नाही आणि कान चालू असतात. नुसत्या या औषधावर आवाजाची रात्र काढायला लावू नये, असं आता बहुतेक पशुवैद्य सांगतात.

भीतीवर खरोखर काम करणारी औषधं आहेत. कुत्र्याच्या हिरडी आणि गालाच्या मध्ये लावायचं डेक्समेडेटोमिडीनचं जेल आहे, अमेरिकेत त्याला खास आवाजाच्या भीतीसाठी मान्यता मिळालेली आहे. ते खाऊत मिसळून देता येत नाही, गिळलं गेलं तर नीट लागू पडत नाही, आणि लावताना हातमोजे घालावे लागतात. ट्राझोडोन, गॅबापेन्टिन, अल्प्राझोलाम हीसुद्धा डॉक्टर देतात. कोणतं आणि किती, हे वजन, हृदय, यकृत बघूनच ठरतं. माझी कळकळीची विनंती एवढीच की काही आठवडे आधी या, आणि पहिला डोस एखाद्या शांत दिवशी देऊन बघा. काही प्राणी एखाद्या औषधाने उलट जास्त बिथरतात, ते ऐन रात्री कळून चालत नाही. गोळी देणं म्हणजे आपण हरलो असं मानणारे पालक मी रोज बघते. जो प्राणी दार ओरबाडून नखं रक्ताळून घेतो, त्याला औषध नाकारणं मला क्रूर वाटतं.

*

सशाबद्दल कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितोय. ससा ओरडत नाही, त्यामुळे तो ठीक आहे असं वाटतं. आमचा कापूस मागच्या पायाने जमिनीवर जोरात थाप मारतो आणि मग गोठून बसतो, नाक हलायचंसुद्धा थांबतं. खरी भीती दुसऱ्या दिवसाची. ताणामुळे सशाचं आतडं मंदावतं. सकाळी त्याने गवताला तोंड लावलं का, लेंड्या नेहमीसारख्या पडल्यात का, हे पाहतो. लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या आणि तो खात नसेल तर संध्याकाळची वाट पाहायची नाही, तडक डॉक्टर. एकदा तसं झालं होतं, वेळेत नेलं म्हणून वाचला. आता त्या रात्री पिंजऱ्यात भरपूर गवत भरतो, आत शिरून बसायला खोकं ठेवतो. जोडीदार असेल तर दोघांना वेगळं करू नका.

*

पाखरांचं सांगते. आमच्याकडे बजरीगर, म्हणजे छोटे पोपट आहेत. रात्री अंधारात धमाका झाला की ती एकदम उडतात आणि गजांवर आपटतात, पंख मोडू शकतो. मिट्ट काळोख हाच तिथे शत्रू आहे, कारण परत दांडी कुठे आहे ते त्यांना दिसत नाही. पिंजरा खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला. तीन बाजू कापडाने झाकायच्या, एक उघडी, आणि खोलीत मंद दिवा. बाहेरच्या पक्ष्यांचं तर विचारूच नका. नेदरलँड्समध्ये वर्षअखेरच्या फटाक्यांच्या वेळी हवामानाच्या रडारवर पक्ष्यांचे थवेच्या थवे मध्यरात्री उठताना दिसले, काही पाचशे मीटरपर्यंत वर गेले होते.

*

वर कोणीतरी तयारीबद्दल लिहिलंय त्याला जोडून. आम्ही फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वापरून सराव केला. काही महिने आधी सुरू करायचं, आवाज इतका बारीक की कान हलेल आणि खाणं चालू राहील. खाणं थांबलं म्हणजे आवाज जास्त झाला, परत कमी करायचा. रोज थोडा वेळ, तोही कुत्रा निवांत असताना. एक अडचण मात्र आहे. मोबाइलच्या स्पीकरमधून फटाक्याचा तो छातीत बसणारा खोल दणका येतच नाही, त्यामुळे मोबाइलवर शांत राहणारा कुत्रा खऱ्या बाराला दचकू शकतो. मोठा स्पीकर वापरल्यावर आमची प्रगती खरी सुरू झाली. आणि ऐन फटाक्यांच्या आठवड्यात हा सराव बंद ठेवायचा.

*

आमचा कुत्रा पळून गेला होता. दार उघडं नव्हतं, फेरीसाठी खाली नेला होता. अचानक बार झाला, त्याने मागे झटका दिला आणि कॉलर डोक्यावरून निघाली. तो ज्या वेगाने गेला तो वेग मी त्याच्यात कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला, एका बंद पडलेल्या गाडीखाली. मी हाक मारली तर माझ्यापासूनही मागे सरकला. मग जमिनीवर आडवा होऊन, त्याच्याकडे न बघता पडून राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने माझी चप्पल हुंगली, मग हात, आणि मग सरपटत बाहेर आला.

त्या दिवसांत आता छातीवरून जाणारा हार्नेस आणि कॉलर दोन्ही, पट्टा दोन्हींना. कॉलरवर चालू फोन नंबर. कातडीखाली ओळखीची चिप असेल तर तिच्या नोंदीतला नंबर बदललाय का ते आधी तपासा. हरवलेलं जनावर दिसलं तर त्याच्यामागे धावू नका.

*

शेजाऱ्यांशी बोलून बघा, एवढंच मला सुचवायचं आहे. तक्रारीच्या सुरात नाही. मी आमच्या मजल्यावर आणि खाली जाऊन फक्त विचारलं, "कधी वाजवणार ते आधी सांगाल का?" बहुतेकांनी सांगितलं. वेळ कळली की फेरी, जेवण, औषध सगळं त्याप्रमाणे बसवता येतं. एका घरातली मुलं आमच्या कुत्रीला ओळखतात, ती आता मोकळ्या मैदानात जाऊन वाजवतात. मोठ्या पातळीवरही हे होऊ शकतं. इटलीतल्या कोलेक्यो गावाने कमी आवाजाच्याच आतषबाजीचा नियम केला, गालापागोस बेटांवर २०१८ च्या अखेरीस आवाजी फटाक्यांवर बंदी आली.

*

जिनीच्या घरून सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सशाचं आणि सांध्याचं कळलं ते फार मोलाचं. भटक्या कुत्र्यांबद्दल दोघांनी मला वेगळं विचारलं आहे. आम्ही त्या रात्री जिन्याखालची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवतो, पोती आणि पाणी ठेवतो, फाटक अडवत नाही. ती येतात, कोणाला त्रास देत नाहीत आणि सकाळी जातात.

आणखी एक राहिलं. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी मारायच्या आधी अंगण आणि घरासमोरचा रस्ता झाडून घ्या. जळलेल्या आणि विशेषतः न फुटलेल्या फटाक्यांत बेरियमचे क्षार आणि परक्लोरेट असतात, कुत्री ते हुंगतात आणि चघळतात. उलट्या, लाळ, अंग लुळं पडणं, यातलं काही दिसलं तर उरलेला तुकडा किंवा वेष्टन पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरून उपचार ठरवायला सोपं जातं.