१९ महिन्यांची मुलगी खेळणी नुसती ओतते आणि फेकते. घरच्या वस्तूंतून कोणते खेळ देता येतील?

प्रश्न (नव्याने_आई)
मुलगी १९ महिन्यांची आहे. पळते, दहा-बारा शब्द बोलते. ठोकळे, आकारांचा डबा, रिंगा सगळं आहे, पण दोन मिनिटांत सगळं जमिनीवर ओतून मोकळी होते. स्वयंपाकघरातली डब्यांची खालची फळीही रोज रिकामी. दिवसभर ती सासूबाईंजवळ असते. त्यांचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसता येत नाही. खुर्चीत बसून, मोबाईल न देता खेळवता येईल असं काही सुचवा.

बालवाडीताई
ओतणं हाच सध्या तिचा खेळ आहे, त्यात काही बिघडलेलं नाही. मुलांना आधी बाहेर काढणं जमतं, आत टाकणं मागून येतं. आकारांच्या डब्यातला फक्त गोल ठोकळा बाहेर ठेवा, बाकीचे उचलून ठेवा. गोल कसाही धरला तरी आत जातो. चौकोनाला मनगट वळवावं लागतं, त्रिकोण त्याहून अवघड. सगळे एकदम दिले की जमत नाही, आणि जमलं नाही की फेकाफेक सुरू होते.

घरी करायचं तर बुटांचा खोका घ्या. झाकणाच्या एका टोकाला ८ सेंमीचं गोल भोक पाडा आणि समोरच्या टोकाची आखूड बाजू पूर्ण कापून काढा. भोकाच्या बाजूला खोक्याखाली जाड वही सरकवून उतार द्या. टेनिसचा चेंडू वरून टाकला की खालून घरंगळत बाहेर येतो. दिसेनासा झाला तरी चेंडू आहेच, हे तिला त्यातून पुन्हा पुन्हा पडताळता येतं. झाकण चिकटपट्टीने पक्कं करा, नाहीतर ती पहिल्यांदा तेच उचकटेल. खोका टीपॉयवर ठेवला तर आजींना वाकावं लागणार नाही.

हातांचे_खेळ
खोका सहज जमू लागला की पुढची पायरी: दूध पावडरच्या डब्याच्या प्लास्टिक झाकणाला ८ सेंमी लांब, दीड सेंमी रुंद फट पाडा. जॅमच्या बाटल्यांची मोठी झाकणं त्यातून टाकायला द्या, सुरुवातीला चारच. फट घट्ट झाली तर मूल कंटाळून उठतं, म्हणून आधी सैलच ठेवा. कडा पॉलिश पेपरने घासा.

आजींनी एकच गोष्ट सांभाळावी: हात धरून टाकून दाखवायचं नाही. एकदा स्वतः टाकावं, मग मनात दहा आकडे मोजून थांबावं. ती झाकण उलटसुलट फिरवत असते तेव्हाच तिचं शिकणं चाललेलं असतं.

नव्याने_आई
राजमा-हरभरे चमच्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे, असं व्हिडिओत पाहिलं. ते चालेल का?

हातांचे_खेळ
तीन वर्षांच्या आत अजिबात नको. नाकात जातात, तिथे ओल धरून फुगतात. श्वासनलिकेत अडकले तर जिवावर बेततं. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाईल अशी कुठलीही वस्तू हातात देऊ नका.

त्याऐवजी धुतलेले मोठे बटाटे आणि दोन टोपल्या. एक टोपली आजींच्या खुर्चीजवळ, दुसरी खोलीच्या पलीकडच्या टोकाला. "मोठ्ठा बटाटा आण", "आता आजीला एक दे" असं म्हटलं की चालणं, वाकणं, वजन पेलणं आणि शब्द एकदम होतात. ओतायची हौसही भागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे. ती अशीच पाच-पाच मिनिटांनी भरून निघते.

पाण्याचा खेळ द्यायचा तर परातीत दोन बोटं पाणी, दोन वाट्या आणि गाळणं. पण तो तुम्ही घरी असतानाच. एवढ्याशा पाण्यातही बाळ बुडू शकतं आणि ओल्या फरशीवरून आजी घसरतील.

बालवाडीताई
आजींसाठी आणखी एक: पोळ्यांच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा आणि ताट. दाबणं, बोटाने भोकं पाडणं, चिमटे काढणं. कणीक पोळ्यांचीच हवी. बाजारच्या किंवा घरी मीठ घालून केलेल्या खेळाच्या मातीत मीठ फार असतं आणि या वयात ती तोंडात जाणारच. कच्ची कणीकही गिळू देऊ नका, तोंडाकडे गेली की हातात पोळीचा तुकडा द्या. चिकटायला लागली तर चिमूटभर कोरडं पीठ लावा. खेळून झालं की गोळा टाकून द्यायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा नाही.