आयटीआय इलेक्ट्रिशियन की अकरावी?

पालक_सातारा: मुलाला वायरिंगची आवड आहे, घरचे म्हणतात पदवी हवीच. आयटीआय केलं की पुढची दारं बंद होतात का?

जुना_वायरमन: नाही हो. ट्रेड 2 वर्षांचा. पास झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, तिथून पदवीकडेही वाट आहे. मात्र अप्रेंटिसशिप चुकवू नका, नुसत्या प्रमाणपत्राने हात बसत नाही.

फेज_न्यूट्रल: लाइटला 1.5, सॉकेटला 2.5, एसी-गिझरला 4 चौरस मिमीची तार, हे कोणीही पाठ करतं. पण 2.5 च्या तारेवर 32 अँपिअरचा एमसीबी (ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त करंट गेला की आपोआप बंद पडणारा स्विच) बसवला, की जास्त लोडवर तार तापून इन्सुलेशन खराब होतं, तरी एमसीबी पडत नाही. आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) असलेल्या सर्किटचा न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची तार, दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला, की 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी सारखी उडते. मग ग्राहक म्हणतो, तीच काढून टाका! असा दोष शोधणाऱ्याला मागाल तो दर मिळतो.

पालक_सातारा: आणि स्वतःचा धंदा?

जुना_वायरमन: ठेकेदाराचा परवाना काढावा लागेल. नव्या वीजजोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारकाचीच सही लागते. आणि गणित सोडू देऊ नका; डिप्लोमाला गाडी तिथेच अडते.