मदत हवी: वस्तुसंग्रहालयाचं कोठार लावायचंय, आधी नोंद की आधी जागा?

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या वस्तुसंग्रहालयाचं कोठार नव्याने लावायला घेतोय. माणसं तीन, वस्तू सुमारे ४,०००. दालनात मांडलेल्या तीनशेही नसतील, बाकी सगळं एका खोलीत. तिथेच मोडक्या काचपेट्या, जुने फलक, रंगाचे डबे आणि कार्यक्रमाच्या खुर्च्या.

गेल्या महिन्यात एका अभ्यासक बाईंना मातीचा एक दिवा बघायचा होता. नोंदवहीत क्रमांक आहे, वर्णन आहे, पण तो ठेवलाय कुठे ते नाही. दोन दिवस शोधल्यावर खापरांच्या खोक्याखाली सापडला, कड उडालेला. ती आधीच उडाली होती की आमच्या शोधाशोधीत, ते सांगता येत नाही, कारण जुना फोटोच नाही. हे मला फार लागलंय.

वारसा जतनाचं काम करणाऱ्या इक्रॉम या आंतरराष्ट्रीय संस्थेची, कोठार नव्याने लावायची 'रि-ऑर्ग' पद्धत वाचली. छोट्या संग्रहालयांसाठीच आहे. तिच्या कसोट्यांपैकी चार अगदी साध्या आहेत: जमिनीवर एकही वस्तू नको, कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडावी, ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत, आणि कोठारात संग्रहाखेरीज काहीही नको. आम्ही चारही ठिकाणी नापास.

आता अडलंय ते क्रमावर. एक सहकारी म्हणतात, आधी नोंदवही आणि वस्तू पूर्ण ताडून घ्या, मग हलवा. पण त्यात वर्ष जाईल, तोवर जमिनीलगतची खोकी ओल धरत राहणार. दुसरे म्हणतात, आधी खुर्च्या-डबे बाहेर काढून वाट मोकळी करा. मला दुसरं पटतं, फक्त भीती एकच: घाईत वस्तूवरची क्रमांकाची चिठ्ठी सुटली की ती वस्तू कायमची निनावी. म्हणून असं ठरवतोय की वस्तूंना हात लावण्याआधी आहे त्याच पसाऱ्यात प्रत्येक फळीला क्रमांक द्यायचा, फळीचा फोटो काढायचा आणि वस्तू जिथून उचलली तो फळी-क्रमांक तिच्यासोबतच ठेवायचा. हे पुरेल का?

दुसरी अडचण तातडीची आहे. लाकडी कपाटातल्या शिशाच्या मुद्रांवर पांढरी भुकटी दिसतेय. लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते आणि ती शिशाला खाते, एवढं ठाऊक आहे. शिशाची भुकटी विषारी, त्यामुळे हातमोजे घालूनच हात लावतोय, झटकत नाही. नवी स्टीलची कपाटं यायला वेळ आहे. तोवर मुद्रा पॉलिथिलीनच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून ठेवल्या तर चालेल ना? खाली अंथरायला आम्लरहित कागद आहे.

आणि एक. एकाच देणगीदाराकडून आलेल्या वस्तूंत कापड, धातू, कागद सगळं आहे. हवेतली आर्द्रता प्रत्येकाला वेगळी लागते, म्हणून पदार्थानुसार वेगळं करावंसं वाटतं. धातू कोरड्यात बरा, पण कागद फार कोरडा झाला की ठिसूळ होतो. एका सहकाऱ्यांना मात्र देणगी फुटणं मान्य नाही. माझ्या मते नातं नोंदीत जपता येतं, त्यासाठी एका फळीवर असण्याची गरज नाही. ज्यांनी अशी विभागणी केलीय, त्यांना नंतर देणगीतल्या वस्तू एकत्र काढताना कितपत त्रास झाला?

संग्रहालय बंद न ठेवता हे काम केलेल्यांनी जरूर लिहा. आमच्याकडे वस्तू तात्पुरत्या ठेवायला दुसरी खोली नाही, त्यामुळे पहिली फळी रिकामी कशी करायची इथूनच सुरुवात आहे.