नाडीपट्टी बघायची नाही असं ठरवलंय, घरच्यांना कसं सांगू?

धनकवडीची तुळस

नमस्कार. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, एका वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्टुला आहे (डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी), त्या हाताने पिशवीसुद्धा उचलू देत नाही मी. पाणी मोजून. एकादशीला बटाटा-शेंगदाणे बंद, भगर तेवढी देते. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घातलंय. ह्यांचा रक्तगट ओ आणि माझा बी, म्हणून माझी किडनी चालत नाही. सासूबाईंना मधुमेह, मुलगा अजून शाळेत.

मोठ्या वन्संनी नाडीपट्टीवाल्यांकडे वेळ घेतलीय. पुरुषाच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घेतात, त्यावरून ताडपत्र शोधतात आणि पुढचं वाचून दाखवतात. वन्सं मनाने फार चांगल्या आहेत, पहिल्या महिन्यांत आमचं घर त्यांनीच चालवलं. त्या म्हणतात, "एकदा कळलं की जिवाला घोर नाही."

मला हे नकोय. रोज संध्याकाळी विठ्ठलापुढे दिवा लावताना मी म्हणते, ह्यांना तुझ्या स्वाधीन केलंय. स्वाधीन करून झाल्यावर त्याच्या पाठीमागे दुसरीकडे चौकशी करायला मन धजत नाही. वन्सं म्हणतात ही पळवाट आहे, तुला खरं ऐकायची भीती वाटते.

आणि रात्री दोनला ह्यांचा श्वास ऐकत पडलेली असते तेव्हा मलाही वाटतं, कुणीतरी फक्त एवढं सांगावं, नंबर लागेल की नाही. असं वाटणं म्हणजे विश्वास कच्चा आहे का? आणि वन्संना न दुखावता नाही कसं म्हणू?

कर्वेनगर_७२

ताई, वन्संना एक पुण्यातलीच गोष्ट सांगा. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास ज्योतिषांची चाचणी घेतली होती. एकूण २०० पत्रिका, त्यातल्या १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं, म्हणजे नुसत्या अंदाजाने ठोकून दिलं तरी जेवढं येतं साधारण तेवढंच. ती चाचणी पत्रिकांची होती, ताडपत्रांची नाही. पण ज्या उत्तरावर घरातला माणूस रोज जगणार आहे, ते देणाऱ्याला एवढं तरी विचारायला हवं ना?

निवडुंग्या विठोबाचे शेजारी

ताई, वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबरच आहे. पण मी दुसऱ्या टोकाने सांगतो. त्या लोकांचं शंभर टक्के खरं ठरत असतं तरी मी तुम्हाला जाऊ नका म्हटलं असतं.

माझ्या मंडळींना कॅन्सर होता. केमो चालू असताना थोरले बंधू आम्हाला न सांगता एका ज्योतिषाकडे जाऊन आले. त्याने सांगितलं, चैत्र पार पडणं अवघड, पडला तर पुढे भीती नाही. बंधूंनी हे दोघातिघांना सांगितलं, आणि पंधरा दिवसांत सगळ्या नातेवाइकांत पसरलं. फाल्गुनात तिची बहीण बारामतीहून आली ती चार दिवस राहायला. येताना तिला आवडतात म्हणून बुंदीचे लाडू आणले, आणि डबा हातात देताना रडली. मंडळी मला म्हणाली, "अहो, सगळे माझ्याकडे असं का बघतात?" मी काय सांगणार? ती जिवंत होती, स्वयंपाकघरात उभी राहून आमटीला फोडणी देत होती, आणि घर मात्र दिवस मोजत होतं. पाडव्याला गुढीला कडुनिंब तिनेच बांधला. बाकी कुणाचे हात वळत नव्हते.

चैत्र गेला. वाटेल आता सुटका झाली. तसं झालं नाही. बंधू पुन्हा त्याच माणसाकडे पुढचं विचारायला निघाले. एक तारीख टळली की माणसाला लगेच दुसरी लागते, हे तेव्हा मला दिसलं. मी त्यांचे पाय धरले आणि म्हटलं, दादा, आता या घरात कुणी काही विचारायचं नाही.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी नाना पेठेत मुक्कामाला आली. दरवर्षी आमच्या दारात वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी असते. ती खुर्चीवर बसून भाकऱ्या मोजून देत होती, कुणाला ठेचा हवा, कुणाला नको ते बघत होती. त्या दोन दिवसांत ती आजारी आहे हे मला मुद्दाम आठवावं लागायचं. कार्तिकात ती गेली. कधी जाणार ते कळलं असतं तर ते दोन दिवस आम्हाला तसे मिळाले नसते, याची मला खात्री आहे.

शकुन सांगणाऱ्यांचा, भूत-भविष्य जाणणाऱ्यांचा आपल्याला कंटाळा आहे, त्यांना डोळ्यांनी बघणंही नको, असं तुकोबांनी अभंगात स्पष्ट म्हटलंय. त्यांना काही येत नाही, असं तुकोबा म्हणत नाहीत. येतं असं धरूनही नको म्हणतात. त्यामुळे तुम्ही पळताय असं मला वाटत नाही.

रात्री दोनचं म्हणाल तर ते विठ्ठलालाच विचारा. रागावून विचारा, भांडा. तुकोबाही त्याच्याशी कडकडून भांडलेत. विश्वास कच्चा असता तर तुम्ही त्याला सोडून दुसरा दरवाजा ठोठावला असता. तुम्ही तर तिथेच उभ्या आहात.

वन्संना नुसतं नाही म्हणू नका, त्यांना काहीतरी करायचंय. गुरुवारचं डायलिसिस त्यांच्याकडे द्या. चार तास भावाजवळ बसू देत.

कॅम्पातली मार्था

तुळसताई, मी ख्रिस्ती आहे, पण तुमचं दुःख ओळखीचं वाटलं. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागायची आहे ती फक्त आजची. आणि इस्राएली लोक रानात होते तेव्हा देव रोज मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, देई. उद्यासाठी म्हणून साठवला त्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या वाराच्या, आदल्या दिवशीचाच तेवढा टिकला. माझ्या मुलाच्या अपघातानंतर मी सकाळी उठून एवढंच म्हणायची, आजचा दिवस दे. उद्याबद्दल बोलायची ताकदच नव्हती, आणि तेवढं बोलणं पुरत होतं. तुमच्या यजमानांचं नाव माझ्या प्रार्थनेत घेतेय.

किडनी वॉर्डातली सिस्टर

मी डायलिसिस युनिटला काम करते. "कधी" हा प्रश्न आम्हाला रोज येतो, आणि तारीख आम्हीही देऊ शकत नाही, कारण यादी रक्तगटाप्रमाणे आणि मिळणाऱ्या अवयवांप्रमाणे सरकते.

तुमच्या हातात आहे ते सांगते. फोन रात्रीसुद्धा चालू आणि जवळ ठेवा, बोलावणं आलं की वेळ फार थोडा असतो. तपासण्या जुन्या होऊ देऊ नका. ताप, फिस्टुलाजवळ लाली, दात दुखणं, काहीही अंगावर काढू नका. ऐनवेळी जंतुसंसर्ग निघाला तर संधी जाते.

आणि तुमचा रक्तगट जुळत नाही म्हणून दार बंद झालंय असं धरू नका. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, त्यात २०११ साली दुरुस्ती होऊन अदलाबदलीला वाट मिळाली. तुमच्यासारखंच दुसरं जोडपं असेल, तर तुमची किडनी त्यांच्या रुग्णाला आणि त्यांची तुमच्या यजमानांना. ओ गटाला ओ चीच किडनी लागते, त्यामुळे जोडी सापडायला वेळ लागतो हे खरं. पण नाव तरी द्या.

धनकवडीची तुळस

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताईला सांग, माझा अंगठा मी देणार नाही, पण गुरुवारी ये म्हणावं, येताना पत्ते आण." वन्संना आज फोन केला. आधी रागावल्या, मग विचारलं, किती वाजता यायचं.

सिस्टर, अदलाबदलीचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यासाठी आमच्याच हॉस्पिटलच्या समन्वयकांकडे अर्ज करायचा, की वेगळी नोंदणी लागते? आणि माझ्या कोणत्या तपासण्या आधी करून ठेवू? सोमवारी मला सुट्टी आहे.