मदत हवी आहे: ४ इंच क्लास ३०० (दाबाची श्रेणी) व्हॉल्व्हच्या फ्लँजची (बोल्टने जोडायच्या चकतीची) जाडी नक्की कुठे मोजायची, आणि मागची बाजू कशी मशिन करायची?

४ इंच, क्लास ३०० गेट व्हॉल्व्ह, डब्ल्यूसीबी (कार्बन स्टील) कास्टिंग, रेझ्ड फेस (गॅस्केट बसायचा किंचित उंच भाग). जुन्या ड्रॉइंगवर फ्लँजची जाडी ३१.८ मिमी, तीही फेस धरून. बी१६.५ (फ्लँजच्या मापांचं अमेरिकन मानक) च्या २००३ पासूनच्या आवृत्त्यांत किमान ३०.२ मिमी आणि त्यावर २ मिमी फेस वेगळा. म्हणून नव्या ड्रॉइंगवर ३०.२ (+३/−०) अधिक २ असं लिहिलंय. इथवर मला शंका नाही. (इन्स्पेक्टर ३१.८ फेस सोडून मागतात, ते जुन्या-नव्याची सरमिसळ करतात असं माझं मत.)

खरी अडचण मागच्या बाजूची. पॅटर्नला (ओतकामाच्या साच्याच्या नमुन्याला) तिथे २ अंश ड्राफ्ट (साच्यातून सुटण्यासाठीचा उतार) आहे, म्हणजे नेकपासून (फ्लँजमागच्या गळ्यापासून) कडेपर्यंतच्या साधारण ५५ मिमीत जाडी साधारण २ मिमीने उतरते. नट बसण्याची जागा फेसला १ अंशाच्या आत समांतर हवी, नाहीतर स्टड वाकडा ताणला जातो. स्पॉटफेस केला (फक्त नटाखालची जागा कटरने सपाट केली) तर तिथेही ३०.२ उरलेच पाहिजेत.

पीसीडी (बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास) २००.२ मिमी, स्टड पाऊण इंची, नट कोपऱ्यांवर ३६.७ मिमी. ४२ चा कटर लावला की तो मध्यापासून ७९ मिमीपर्यंत आत येतो. नेकची त्रिज्या ७३, फिलेट (नेक आणि फ्लँजच्या कोपऱ्यातली गोलाई) १०, म्हणजे कटर फिलेटमध्येच घुसतो आणि तिथे खाच पडते.

अशा वेळी तुम्ही पूर्ण बॅकफेसिंग (मागची सगळी बाजू मशिनवर सपाट) करता, की फिलेट ६ वर आणता? कास्टिंगमध्ये मागे ३ मिमी मशिनिंग अलाउन्स (कापून काढायला ठेवलेलं जादा धातू) पुरतो का?